एकच हत्यार ठेवायचे तर

२०१९ च्या हिवाळी अधिवेशनात शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा त्याच्या मूळ मसुद्यात परवानाधारकाकडची शस्त्रे तीनवरून थेट एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोध झाला आणि मंजूर कायद्यात तो आकडा दोन झाला. पण त्या मसुद्याने ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न नव्याने टाकला. एकच हत्यार ठेवायचे तर कोणते? राखणीला, संरक्षणाला, प्रवासाला, सगळ्याला पुरेल असे एखादे आहे का? आज या प्रश्नाला बहुतेकांच्या तोंडी चटकन एक उत्तर येते, रिव्हॉल्व्हर. लहान, कमरेला मावणारे, सहा गोळ्यांचे. वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या बाजूने गेल्या साठ वर्षांकडे पाहिले तर हे उत्तर चुकीचे ठरते. ते का चुकते आणि तरीही लोकांच्या मनात का रुजले, याचा शोध घेताना कायदा, जंगल आणि कारखाना या तिन्हींच्या इतिहासातून जावे लागते.

सुरुवात १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून करायला हवी. लॉर्ड लिटनच्या काळातल्या त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात बांधले आणि युरोपियनाला मोकळे सोडले. त्याचा सल इतका खोल होता की गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत ही मागणीही होती. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या चौकटीत, मूलभूत हक्कांमध्ये नोंदला गेला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हाच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली ती ह. वि. कामत यांनी, आणि ते मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी होते. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हक्क सरसकट दिला तर गुन्हेगाराच्या हातातले हत्यारही सरकारला काढून घेता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. दुरुस्ती फेटाळली गेली. हत्यार हा हक्क राहिला नाही, कारण दाखवून मिळणारी परवानगी झाली. पुढचा सगळा इतिहास त्या ‘कारणा’चा आहे.

१९५९ च्या कायद्याने हे कारण आणि हत्यार यांची गाठ फार विचाराने मारली आहे. रिव्हॉल्व्हरची भलावण करणाऱ्यांनी या कायद्याचे तेरावे कलम एकदा नीट वाचावे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक मागितली किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर नकाराचे ठोस कारण नसल्यास अधिकाऱ्याने परवाना द्यायचा आहे. ठासणीची बंदूक राखणीला पुरणार नाही अशी खात्री झाली, तर त्याच राखणीसाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. बाकी सगळ्या हत्यारांसाठी, म्हणजे रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसाठी, अर्जदाराने सबळ कारण पटवून द्यावे लागते. कायदा करणाऱ्यांसमोर शेतकरी होता आणि सामान्य माणसाचे बहुउपयोगी हत्यार म्हणून त्यांनी लांब नळीची बंदूक धरली होती. १ ऑक्टोबर १९६२ पासून हा कायदा लागू आहे आणि हे कलम आजही जागेवर आहे.

त्या वेळचा बार्शीटाकळी तालुक्याचा शिवार डोळ्यांपुढे आणला तर या कलमाचा अर्थ उलगडतो. काळी कसदार जमीन, कापूस, तूर, ज्वारी, रब्बीला हरभरा. दक्षिणेला महान, पिंजर, धाबा या बाजूला जमीन उंचसखल होत जाते आणि जंगल लागते. वावरात माळा बांधून रात्रीची जागल करायची, आणि जवळ भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, असली तर ती ठासून ठेवायची. भरमारीचा मोठा उपयोग आवाजाचा. बार काढला की कळप धुरा ओलांडून पळे. पण तिची दारू ओली झाली की ती निकामी, आणि वऱ्हाडात पिकाची राखण तर ऐन पावसाळ्यातच सुरू होते. शिवाय एक बार काढल्यावर दुसरा भरेपर्यंत डुकरांचा कळप निम्मी ओळ उकरून टाकतो. ठासणीची बंदूक पुरणार नाही तेव्हा दुसरी द्यावी, ही तरतूद अशा अनुभवाला धरूनच होती.

ही दुसरी बंदूक म्हणजे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. या बंदुकीचे सामर्थ्य तिच्या यंत्रात फारसे नाहीच. यंत्र साधे आहे, मोडून उघडायचे, दोन काडतुसे घालायची, मिटायचे. सामर्थ्य काडतुसात आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनणारी ‘शक्तिमान’ काडतुसे वर्षानुवर्षे परवानाधारकांनी वापरली. त्यात बारीक छऱ्यांपासून एल.जी.च्या मोजक्या जाड गोळ्यांपर्यंत प्रकार आहेत. म्हणजे एकाच नळीत आज नऊ नंबरचे शेकडो छर्रे, उद्या जाड गोळ्या. दुनळी असली तर दोन्ही नळ्यांत दोन वेगळी काडतुसे ठेवून ऐनवेळी घोडा निवडता येतो. हत्यार बहुउपयोगी की एकमार्गी हे ते किती प्रकारचे काडतूस पोटात घेते यावर ठरते, आणि या लेखाचे म्हणणे त्यावरच उभे आहे.

अमेरिकेत ‘सगळ्याला एक’ म्हणून जे रिव्हॉल्व्हर नावाजले गेले, त्याचा इतिहासही हेच सांगतो. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणले. त्याच्या काडतुसाचे कवच जुन्या .३८ स्पेशलच्या कवचापेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लांब, त्यामुळे त्याच चक्रात दोन्ही चालतात. सरावाला आणि घराच्या राखणीला सौम्य, रानात जोरदार. चार इंची नळीचे .३५७ हे एकाच हत्याराचे उत्तर म्हणून तिथे टिकले ते या दोन काडतुसांच्या बळावर. आपल्याकडे मात्र लष्कराची-पोलिसांची .३८०, .४५५ किंवा ९ मि.मी. काडतुसे घेऊ शकणारी पिस्तुले-रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित गटात आहेत, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाल्यावर सामान्य परवानाधारकापुढे मुख्यतः राहिले ते सरकारी कारखान्यांचे .३२. एक बोअर, एक ताकद, एक काम. अमेरिकेतले अनुभव वाचून इथे रिव्हॉल्व्हरची शिफारस करणारे ही गफलत करतात.

आकडे पाहा. .३२ च्या गोळीची नळीच्या तोंडाशी असणारी ऊर्जा साधारण दीडशे ज्यूल. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची दोन हजारांच्या आसपास. रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो. त्याच्यावर .३२ झाडणे म्हणजे त्या जनावराला जखमी करून चार दिवस हाल सोसायला सोडून देणे, आणि जखमी रानडुक्कर असेल तर सकाळी वावरात येणाऱ्या बायामाणसांच्या जिवाशी खेळ. आखूड नळीमुळे अंधारात नेम किती धरता येतो हाही प्रश्न आहेच. वीस पावलांपलीकडे सराव नसलेल्या हाताने रिव्हॉल्व्हरने काही साधत नाही, आणि शेतकऱ्याला सराव करायला जागा नसते.

तरीही रिव्हॉल्व्हरची मोहिनी वाढत गेली, कारण दरम्यान हत्याराची कारणेच बदलली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा परवानाच संपवला. त्याचे दुःख करण्यासारखे काही नाही, ते व्हायलाच हवे होते. १९८८ मध्ये बार्शीटाकळीजवळ काटेपूर्णा अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात नवीन शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय देता येत नाही. म्हणजे जिथे रोही आणि डुकरे सर्वांत जास्त, नेमका तिथेच नवा परवाना सर्वांत अवघड. ‘खेळ’ हे कारण जवळपास गेले, ‘राखण’ हे कारण कागदात अडकले आणि उरले ‘जिवाला धोका’. या कारणासाठी गावापेक्षा शहरातून, शेतकऱ्यापेक्षा व्यापारी, ठेकेदार आणि पुढारी यांच्याकडून मागणी येऊ लागली, आणि त्यांना हवे होते कमरेचे हत्यार. कारखान्यांनीही तेच दिले. कानपूरचे .३२ झाले, मग जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतल्या निर्भया अत्याचाराच्या घटनेची आठवण जागवणाऱ्या नावाचे ‘निर्भीक’ आले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. ज्या बाईला तुरीच्या वावरातून एकटीने घरी यावे लागते, तिच्या वर्षाच्या मजुरीपेक्षा ही किंमत जास्त होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले, पल्ला पन्नास मीटर सांगितला गेला. बोअर मात्र .३२ च.

एक आक्षेप रास्त आहे. मोंढ्यातून रोकड घेऊन निघणारा अडत्या किंवा जिनिंगचा मालक गाडीत दुनळी मिरवत हिंडू शकत नाही. बरोबर. त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हरच योग्य, आणि त्याला ते सबळ कारणाने मिळावे. पण त्याचे काम एकच आहे. एका कामाला चांगले म्हणून एखादे हत्यार सगळ्या कामांना चांगले ठरत नाही. घराच्या संरक्षणाचा विचार केला तरी गावातल्या वाड्यात किंवा वावरातल्या घरात लपवण्याची गरज नसते, उलट हत्यार दिसावे हाच निम्मा उपयोग असतो. आणि चोरी व्हायची असेल तर खिशात जाणाऱ्या वस्तूची आधी होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोह्यासारख्या जनावराला .३१५ ची रायफलच हवी, छऱ्यांची बंदूक नव्हे. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून रोही मारले गेले, त्याचा दाखला यासाठी दिला जातो. पण ती दिवसाउजेडी, वनखात्याच्या देखरेखीखाली, कसलेल्या नेमबाजांनी केलेली मोहीम होती. बार्शीटाकळीच्या उत्तरेला अकोल्याकडे जमीन सपाट होत जाते. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरहून अधिक लांब जाते आणि तेवढ्या टापूत इथे दुसरा जागल्या, वस्ती किंवा रस्ता असतोच. छऱ्यांचा जोर त्या मानाने फार लवकर सरतो. शेतकऱ्याच्या हातातले रात्रीचे हत्यार जवळच संपणारे असावे, हा त्याचा दोष नसून गुण आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने पीक उद्ध्वस्त करणारे रोही आणि रानडुकरे मारण्याच्या परवानगीचे अधिकार स्थानिक वनाधिकाऱ्यांपर्यंत आणले. पण परवानगी मिळाली तरी ती अंमलात आणायला परवान्याची बंदूक लागते, आणि कमरेला .३२ लावणारा कोणीही पिंजरच्या वावरात रात्री उपयोगाचा नाही.

तिसरे म्हणणे असे की बंदूक हवीच कशाला, सौर कुंपण लावा, झटका मशीन बसवा. त्यात बरेच तथ्य आहे. राखणीचा खरा हेतू जनावर मारणे नसून पीक वाचवणे आहे, आणि वनखात्याने नुकसानभरपाई वेळेवर द्यावी व कुंपणाला अनुदान द्यावे ही मागणी बंदुकीच्या मागणीपेक्षा आधीची असली पाहिजे. पण कुंपणाखालून उकरून आत शिरणाऱ्या कळपापुढे आवाजाचे हत्यार लागते, आणि सुतळी बॉम्बला सरावलेल्या डुकरांना बाराच्या बाराची जरब अजून आहे. त्यात एक अडचण फारशी कोणी बोलत नाही. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. विधानसभेचे मतदान २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी ज्या काळात असते नेमक्या त्याच काळात. संरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर महिनाभर ठाण्यात राहिले तर मालकाचे फारसे अडत नाही, राखणीची बंदूक राहिली तर हंगाम जातो. कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या छाननी समितीने हा फरक लक्षात घ्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आता ज्या घरांत आजोबांच्या नावावरची बारा बोअर, वडिलांची रायफल आणि मुलाने घेतलेले .३२ अशी तीन हत्यारे एकाच वारसाकडे येतात, तिथे २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक सोडावेच लागते, कारण दोनची मर्यादा वारसाहक्कालाही लागू आहे. कोणते सोडायचे ते कायदा सांगत नाही, ते घराने ठरवायचे आहे. अशा वेळी पहिले जाते ते आजोबांचे, जुने आणि अवजड म्हणून. शेती चालू असलेल्या घराने तसे करू नये. पिकाच्या राखणीचा तो परवाना एकदा गेला की अभयारण्याच्या दहा किलोमीटरांच्या आत तो पुन्हा मिळण्याची शक्यता फार थोडी, आणि मूळ मसुद्यातला ‘एक’ उद्या पुन्हा कायद्यात आला तर त्या वेळी हाती दुनळी असली पाहिजे.