टोल्याचे घड्याळ भंगारात देऊ नका

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये दर तासाला एका घड्याळासमोर गर्दी जमते. तास पुरा होत आला की दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. दुसरा पुतळा लोहाराचा. तो सेकंदासेकंदाला हातोडा मारतो. इंग्लंडमध्ये बनलेले हे घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीकडून आले. आपल्याकडून हैदराबादला गेलेली कुटुंबे ते मुलांना आवर्जून दाखवतात.

पण आपल्या गंगाखेडसारख्या गावातही जुन्या घरात किंवा मशिदीत लंबकाचे घड्याळ असते. ते बंद पडले की आधी त्याची चावी हरवते, मग ते माळ्यावर जाते आणि शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. खरे तर अशी बरीच घड्याळे मेलेली नसतात. ती फक्त मळलेली असतात.

उंची कशासाठी?

१६५६ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाचे घड्याळ तयार केले. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ९९ सेंटिमीटर लांब असतो. तो लंबक आणि दोरीला टांगलेली वजने मावावीत म्हणून माणसापेक्षा उंच लाकडी पेटी आली. ‘ग्रँडफादर क्लॉक’ हे नाव मात्र बरेच उशिरा, १८७६ च्या एका अमेरिकन गाण्यामुळे रूढ झाले. आपल्याकडे घरोघरी जास्त दिसतात ती भिंतीवरची, चावीने स्प्रिंग गुंडाळायची घड्याळे. लंबकाचा नियम दोन्हीकडे एकच.

लंबकाचा गोल एक मिलिमीटर वर घेतला, तर उंच घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद पुढे जाते. लंबकाची दांडी पोलादी असेल तर उन्हाळ्यात ती किंचित लांबते. तापमान २० अंशांनी वाढले की घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडते. म्हणजे मे महिन्यात मागे पडणारे घड्याळ बिघडलेलेच असेल असे नाही. गोलाखालची चकती थोडी फिरवली की काम होते.

घडीसाज काय करतो?

चांगला घडीसाज आधी पाहतो, मग उघडतो. कोणता भाग कुठे होता याची खूण ठेवतो. वर्षानुवर्षे ओतलेले तेल धुळीत मिसळून काळे, चिकट झालेले असते. ते धुऊन प्रत्येक छिद्र लाकडी काडीने साफ करतो. चाकांचे आस फिरून फिरून पितळी पट्टीतली छिद्रे लांबट होतात. तिथे पितळेचे नवे बूश बसवतो. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो, ती वाकली किंवा तुटली असेल तर बदलतो. तेल देतो ते फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. चाकांच्या दात्यांना तेल लावत नाही, कारण तिथे धूळ चिकटून दाते झिजतात.

शेवटी तो कान लावतो. ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधले अंतर सारखे नसेल, तर घड्याळ सरळ उभे नाही असे समजावे. कित्येक ‘बंद’ घड्याळे नुसती सरळ केल्यानेही चालू होतात.

सेल बसवण्याआधी

जुने यंत्र काढून सेलवरचे मशीन बसवणे स्वस्त पडते. पण काढलेले यंत्र सहसा परत मिळत नाही, आणि उरते ती नुसती पेटी. पेटी घासून चकचकीत पॉलिश करणे, डायलवरचे पुसट आकडे नव्याने रंगवणे, हेही नुकसानच. जुनेपण जपणे म्हणजेच दुरुस्ती. लाकडाला वाळवी लागली असेल तर मात्र तो इलाज आधी करा.

मशिदीतल्या घड्याळाला तर इतिहास आहे. नमाजच्या वेळा काढणाऱ्या जाणकाराला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ हेच काम करत. उस्मानी काळात इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींजवळ मुवक्कितखाने होते आणि तिथे उंच लंबकाची घड्याळे ठेवत. आता वेळ मोबाइल सांगतो, हे खरे. पण मशिदीला कुणीतरी दिलेले घड्याळ ही अमानत आहे. ते काढण्याआधी जमातीला विचारावे.

घरी एवढे करा

घड्याळ हलवण्याआधी लंबक आणि वजने काढून ठेवा. चावी ठरलेल्या वारी, शक्यतो एकाच माणसाने द्यावी. स्प्रिंगचे यंत्र घरी उघडू नका. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर हात फाटतो. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नका. घड्याळ कुणी, कधी आणले हे दादी-नानींना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद पेटीत ठेवा.

आणि एक विनंती. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबे घडीसाजी करत आली. आज अनेक उस्तादांच्या टेबलाशेजारी शिकणारे कुणी नाही. सुट्टीत घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तिथे बसवा. शाळेच्या प्रयोगवहीतला दोलक त्यांना तिथे प्रत्यक्ष चालताना दिसेल, आणि उस्तादांचे हुनर त्यांच्याबरोबर संपणार नाही.