शेजारच्या शिवारातला ऊस

दिवाळी उरकून गव्हाणीत पहिली मोळी पडली, की सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात एक जुनी तक्रार नव्याने कानी येते: शेजाऱ्यांनी आमच्या कार्यक्षेत्रातला ऊस पळवला. त्या तक्रारीमागे दोन समज घट्ट रुजलेले असतात. सहकार म्हणजे स्पर्धेला रजा हा एक, आणि शेजाऱ्याचा ऱ्हास तोच आपला उत्कर्ष हा दुसरा. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत आणि दुसरा फार महागात पडणारा आहे.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. तेव्हापासून सभासद दोन कारखान्यांची पहिली उचल आणि वजनकाटा यांची तुलना बांधावर बसून करीत आला आहे. सरकारने 1984 मध्ये झोनबंदी, म्हणजे ज्याच्या क्षेत्रात शेत त्याच कारखान्याला ऊस घालण्याची सक्ती, सुरू करून ही तुलना निरर्थक केली, तेव्हा बांधला गेला तो शेतकरीच; 1997 मध्ये ती बंदी उठली, हे योग्यच झाले.

पण पळवापळवीचा जमाखर्च कोणी नीट मांडून पाहावा. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर ताशी घटत असते, म्हणून तो एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. असे असता वाटेत दुसऱ्याचे धुराडे मागे टाकून सत्तर किलोमीटर धावणारी गाडी उतारा गमावते, डिझेल जाळते, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च जिथे सरासरीने वजा होतो तिथे त्याचा भुर्दंड कारखान्याच्या भिंतीला लागून शेत असलेल्या सभासदावरही पडतो. पुढच्या हंगामात शेजारी त्याची परतफेड करतोच, कारण कारखाना जागचा हलत नाही. अशा नात्यात शेजाऱ्याला हरवणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकावर घेतलेल्या डावपेचांच्या स्पर्धांत दिसले: पुनःपुन्हा गाठ पडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांत अनातोल रापोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही साधी रीत, जी सलोख्याने आरंभ करते आणि पुढे समोरच्याचीच मागील चाल परत करते, एकाही सामन्यात प्रतिपक्षापेक्षा अधिक गुण न मिळवता एकूण गुणांत पहिली आली.

मग कारखानदारांनी एकत्र बसून उसाचा भाव ठरवावा काय? मुळीच नाही, ते संगनमत होय, आणि 2002 चा स्पर्धा अधिनियम संगनमताने भाव ठरवण्याला व बाजार वाटून घेण्याला मज्जाव करतो. भाव, काटा आणि वेळेवर पैसे यांत चुरस असलीच पाहिजे. सहकार्याचे क्षेत्र निराळे आहे. एकाच उसासाठी झगडणाऱ्या कारखान्यांनी 1975 मध्ये उभारलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी मांजरीची संस्था बेणे, मातीपरीक्षण आणि तंत्रज्ञांचे शिक्षण या कामी सर्वांच्याच उपयोगी पडते. अशी कामे एकेकट्या कारखान्याच्या आवाक्यातली नव्हेत: संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. उसाचे वाण त्या मुदतीत तयार होत नाही. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेतील निवडीचे साल नावातच वागवणारे को-86032 लागवडीसाठी प्रसृत झाले ते 2000 मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन मंडळांचा काळ लोटल्यावर. आणि आज ते शिवेच्या अलीकडे जसे उभे आहे, तसेच पलीकडेही.