पोरक्या वासरास दुसरी गाय लावणे

व्याल्यानंतर गाय दगावली, अथवा तिला पुरेसे दूध नसले, म्हणजे वासरू कसे जगवावे हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहतो. सातारा, सांगली व सोलापूर ह्या भागांत खिल्लार गाय दुधापेक्षा जातिवंत खोंडासाठीच पाळली जाते. तेथे असे वासरू गमावणे म्हणजे पुढचा औताचा बैल गमावणे होय. ज्या गाईचे वासरू मेले आहे तिला हे वासरू लावल्यास दोन्ही बाजूंचे नुकसान टळते.

गाय आपले वासरू मुख्यतः वासाने ओळखते. व्याल्यावर पहिल्या काही तासांत ती वासरास चाटते, तेव्हाच ही ओळख पक्की होते. म्हणून बदल जितका लवकर करावा तितका तो साधतो. ताज्या व्यालेल्या गाईच्या अंगावरील पाणी पोरक्या वासराच्या पाठीस व शेपटीच्या बुडाशी चोळावे. गाईचे वासरू सांसर्गिक रोगाने मेले नसेल, तर त्याच्या कातड्याचा तुकडा पोरक्या वासराच्या पाठीवर बांधावा व गाईने वासरू स्वीकारताच काढून टाकावा. गाय लाथ मारीत असल्यास तिला दाव्याने बांधून, पुढे आंबोण ठेवून, वासरू दिवसातून तीन-चार वेळा पाजावे. वासरू थोडे भुकेले असावे. गाय त्यास आपणहून चाटू लागेपर्यंत दोघांना देखरेखीवाचून एकत्र सोडू नये.

वासरास जन्मल्याबरोबर चीक मिळणे अत्यावश्यक आहे. रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात शोषण्याची वासराची शक्ती जन्मानंतर सुमारे २४ तासांत संपते. वजनाच्या एक-दशांश, म्हणजे २० किलो वजनाच्या वासरास सुमारे २ लिटर चीक, शक्यतो पहिल्या सहा तासांत पोटात जावा.

गाईचे स्वतःचे वासरू जिवंत असता दुसरे लाविल्यास ती पुष्कळदा परक्यास हुसकून देते. मग ते सख्खे वासरू पीत असतानाच मागील पायांमधून सड धरते, कारण तेथे गाईस त्याचा वास घेता येत नाही. त्यास हुसकू नये. मात्र पान्हा काही मिनिटेच टिकतो. त्यामुळे उशिरा येणाऱ्याच्या वाट्यास दूध कमी येते. दोन वासरांची मिळून वाढ एकट्या वासराहून अधिक होते, परंतु प्रत्येकाची वाढ मंदावते. म्हणून भरपूर दूध असलेल्या गाईलाच दोन वासरे लावावीत.

अशा गाईस हिरवा चारा, पेंड व क्षारमिश्रण वाढवून द्यावे. खुराक अपुरा पडल्यास ती रोडावते. शिवाय सतत पाजण्यामुळे तिचा माज लांबतो. वासरांची छाती दर पंधरवड्यास दोरीने मोजावी. वाढ खुंटलेल्या वासरास वरचे दूध पाजावे. हगवण दिसताच ते वेगळे बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. गाय लावण्यापूर्वी तिला कासदाह अथवा सांसर्गिक गर्भपात नाही, ह्याची खात्री करून घेण्यास ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस साहाय्य करावे.