खिळा न ठोकता सजवलेलं घर

बजाजनगरमध्ये आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या करारनाम्यात एक अट ठळक अक्षरांत होती : भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आम्ही ती दोनदा वाचली आणि मुकाट्याने सही केली. आधीच्या घरात आम्ही नऊ खिळे ठोकले होते. घर सोडताना त्या नऊ भोकांपायी अनामत रकमेतले तीन हजार रुपये कापले गेले. कोणी विचारलं असतं तर पुट्टीचं पाकीट आणून आम्हीच भोकं बुजवून दिली असती. कोणी विचारलं नाही.

मुकाट्याने सही करायला आणखी एक कारण होतं. नाव सांगितलं की ‘खोली कालच गेली’ हे उत्तर वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. या खेपेला आम्ही ते चार ठिकाणी ऐकलं. पाचव्या ठिकाणी घरमालक काकांनी घरात माणसं किती आणि गाडी कुठे लावणार, एवढंच विचारलं आणि किल्ली हातात दिली. अशा माणसाच्या भिंतीला खिळा लावायचा नाही, हे आम्ही करारनाम्याच्या आधीच ठरवलं होतं.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्या औद्योगिक पट्ट्याच्या आधाराने वाढलेली ही वसाहत. बीड, जालना, परभणी, खानदेश, विदर्भ, कुठून कुठून माणसं पोटासाठी इथे आलेली. खाली मालक, वर भाडेकरू, असं गल्लोगल्ली दिसतं. आमचंही तसंच. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, कडप्प्याची फडताळं, वर माळा, भिंतींना फिकट पिवळा डिस्टेंपर. घर स्वच्छ होतं, पण कोणाचंच वाटत नव्हतं.

नववीतल्या लेकीने पहिले तीन महिने एकाही मैत्रिणीला घरी बोलावलं नाही. ईदलाही नाही. काही आणायचं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं : “घर आपलं नाही, मग सजवायचं कशाला? पुन्हा सोडायचंच आहे ना?” तिच्या आयुष्यातलं हे चौथं घर. तिचं काही चुकत नव्हतं.

उत्तर सापडलं ते सूरह नहलमध्ये. ऐंशीव्या आयतीत अल्लाह आपल्या उपकारांची आठवण करून देताना आधी घराचा उल्लेख करतो, विसाव्याची जागा म्हणून. त्याच आयतीत पुढे कातड्याच्या तंबूंचा उल्लेख येतो, जे प्रवासाच्या दिवशीही हलके आणि मुक्कामाच्या दिवशीही हलके. त्यानंतर लोकर आणि केसांपासून केलेल्या घरसामानाचा, काही काळ वापरायच्या वस्तूंचा. आयत आम्ही अनेकदा वाचली होती, पण भाड्याच्या घरात बसून वाचताना ती वेगळी लागली. उचलून नेता येणारं सामान हासुद्धा उपकारच आहे. मग आम्ही घरापुरता नियम केला : जे आणायचं ते हलकं, जे करायचं ते हाताने, आणि सगळं एका टेम्पोत मावलं पाहिजे.

सुरुवात बसण्यापासून केली. आमच्याकडे सोफा नव्हता, आणि हप्त्यावर घ्यायचा नव्हता. औद्योगिक वसाहतीचा एक फायदा असा की इथल्या भंगारवाल्यांकडे यंत्रांच्या पॅकिंगचे लाकडी पॅलेट मिळतात. दोन पॅलेट आम्ही चारशे रुपयांना घेतले. ते घेताना शिक्का बघून घ्यावा. परदेशातून आलेल्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि अक्षरं छापलेली असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं आहे, ते घ्यावं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नये. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो. तिथे नाक वापरायचं. तेलाचा किंवा रसायनाचा वास येत असेल, काळे डाग असतील, तर फुकटही नको.

खिळे उपटून, ऐंशी नंबरच्या आणि मग एकशेवीस नंबरच्या काचपेपरने घासून दोन रविवार गेले. वरून अळशीचं तेल, म्हणजे आपलं जवसाचं, दोन हात लावलं. लाकडाला मधासारखा रंग आला. एक गोष्ट मात्र जपा. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. मोकळ्या उघड्यावर पसरून वाळवायच्या, मगच फेकायच्या. दोन्ही पॅलेट शेजारी शेजारी ठेवून चौकी झाली. तिच्यावर गादी, गादीवर अम्मीने गावाकडून आणलेली वाकळ. जुन्या साड्या, एक जुना बुरखा, चादरींचे तुकडे, आणि त्यावर तिच्या हातचे सरळ, बारीक टाके. ही वाकळ इतकी वर्षं आम्ही पाहुणे आले की लपवत होतो. आता तीच सगळ्यांत आधी दिसते.

दुसरी खरेदी अंगाशी आली. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात जुनं सामान मिळतं. तिथून अडीचशे रुपयांना वेताची खुर्ची आणली. सांधे घट्ट, हात गुळगुळीत झालेले, मोठ्या ऐटीत घरात ठेवली. आठ दिवसांत धाकट्याच्या पाठीवर लाल गांधी उठल्या. आधी डास वाटले, मग खुर्ची उलटी केली तर सांध्यांत काळे ठिपके आणि ढेकूण. लाज वाटली ती वेगळीच. खाली मालक राहतात, त्यांच्या घरी गेले तर? रात्री दहा वाजता खुर्ची गच्चीवर नेली आणि सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतलं. घरातल्या सगळ्या चादरी-अभ्रे कडक गरम पाण्यात धुतले, गाद्या दोन आठवडे उन्हात टाकल्या. ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे एकदा पाणी ओतून भागत नाही. आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. सकाळी आम्ही स्वतःच काकांना सांगून टाकलं. ते हसले आणि म्हणाले, “सर, कंपनीच्या खोलीवर राहत होतो तेव्हा आम्ही ढेकणांबरोबरच झोपायचो.” तेव्हापासून जुनी लाकडी वस्तू आधी गच्चीवर जाते, उलटी होते, सांधे तपासले जातात, आणि आठवडाभराने घरात येते. खुर्ची आहे अजून. अम्मीची आवडती जागा आहे ती.

आता ज्या वस्तूवरून घरात खरं भांडण झालं तिच्याबद्दल.

अम्मीच्या पेटीत एक हिमरू शाल होती, तिच्या निकाहच्या वेळची. हिमरू म्हणजे आपल्या शहराची ओळख. सुती आणि रेशमी धाग्यांचं, हातमागावर विणलेलं, किमख्वाबसारखं दिसणारं पण त्याहून परवडणारं कापड. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर इकडे आले, असं परंपरेने सांगतात. एके काळी शेरवान्या याच कापडाच्या शिवत. आज हातमाग मोजकेच उरले आहेत. अम्मीची शाल घडीघडीवर विरली होती. उलगडली की घडीच्या रेषेत प्रकाश दिसायचा. मधले चौकोन मात्र अजून जसेच्या तसे, मेंदीच्या रंगाची जमीन आणि त्यावर सोनेरी बुट्टे.

आम्ही म्हटलं, चांगले चौकोन कापून चौकटीत बसवू. अम्मीने शाल हातातून ओढून घेतली. “मेरे निकाह की है. कैंची नक्को लगाओ.” दोन दिवस ती नीट बोलली नाही. आम्हीही विषय सोडला. तिचं सामान, तिचा हक्क.

पंधरवड्याने लेक दादीला धार्मिक पुस्तक वाचून दाखवत होती. त्यात हजरत आयशा (रजि.) यांच्या पडद्याची हदीस आली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. त्यांनी घरात चित्रं असलेला पडदा लावला होता. पैगंबर (स.) प्रवासाहून परतले, त्यांना तो आवडला नाही. मग हजरत आयशा (रजि.) यांनी त्याच कापडाच्या उशा केल्या, आणि त्या घरात वापरल्या गेल्या. या हदीसचा मुख्य विषय चित्रांचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण अम्मीच्या कानाला दुसरंच लागलं. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “फेंके नहीं. तकिये बनाए.” रात्री तिने स्वतः पेटी उघडली. कैची आमच्या हातात दिली नाही, तिनेच चालवली. चार चौकोन निघाले. एक कशिद्याच्या लाकडी रिंगेत ताणून बसवला, दोन उशांच्या अभ्र्यांवर मधोमध लावले, आणि चौथा तिने परत पेटीत ठेवला. कोणासाठी ते सांगितलं नाही. लेकीने विचारलंही नाही, पण तिचा चेहरा आम्ही पाहिला.

जुनी कापडं कापायची असतील तर एक शिकलेली गोष्ट सांगतो. विरलेल्या रेशमाच्या मागे पातळ सुती अस्तर आधी टाचून घ्यावं आणि मगच कापावं, नाहीतर कडा हातातच सुटतात. आणि चौकट ऊन थेट पडेल तिथे लावू नये, रंग उडतो.

हे सगळं खिळ्याशिवाय लावायचं कसं? चिकट हुक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, आणि निघताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात. तीन हजारांचा तोच प्रश्न पुन्हा. फरशीवर, काचेवर आणि लाकडी दारावर मात्र ते चालतात. आम्ही खिडकीच्या दोन गजांना सुतळी बांधली, तिला लाकडी चिमटे, आणि त्यावर मुलांचे कागद. हिमरूची रिंग माळ्याच्या कडेला टेकवली. दाराच्या चौकटीत स्प्रिंगचा दांडा अडकवून पडदा लावला. कपाटाचा जुना आरसा भिंतीला टेकवून जमिनीवरच उभा केला, तर अंधारी खोली उजळली. बाजारात एक सुरेख जुनी चौकट मिळाली, आत हरणांच्या जोडीचं चित्र. जिवंत प्राण्यांची चित्रं आम्ही भिंतीवर लावत नाही. चित्र काढलं, चौकट ठेवली. तिच्यात लेकीने बोरूने, चहाच्या पाण्यात रंगवलेल्या कागदावर, उर्दूत ‘खुश आमदीद’ आणि खाली मराठीत ‘या, बसा’ लिहिलं. ती दारासमोरच्या फडताळावर आहे.

कागदाचंही सांगायला हवं. फडताळात अंथरायला आपण रद्दी वापरतो. उर्दू वर्तमानपत्रात आयती, हदीस, अल्लाहचं नाव कुठेही छापलेलं असतं. पान वाचल्याशिवाय अंथरू नये. आमच्या घरी हे काम मुलांकडे आहे. त्या निमित्ताने दोघांचं उर्दू वाचन सुधारलं, जे आम्हाला रागावून जमलं नव्हतं.

वरच्या मजल्याचा खरा शत्रू उन्हाळा. स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. पश्चिमेच्या खिडकीला आम्ही वाळ्याचा पडदा लावतो आणि दुपारी त्यावर पाणी शिंपडतो. वारा असेल तर फरक चांगलाच जाणवतो, वास तर घरभर. रूह अफजाच्या जुन्या काचेच्या बाटल्यांत मनीप्लांट आहे, आणि कुंड्यांना वजूचं पाणी. खाली टब ठेवला की पाच वेळांचं पाणी कुंड्यांना पुरून उरतं. पाणी दिवसाआड आलं की काकू वर येऊन विचारतात, “भाभी, तुमची झाडं कशी हो हिरवी?”

सगळा खर्च आम्ही वहीत लिहिला होता. अडीच वर्षांत सहा हजारांच्या आत, त्यात दोन फसलेल्या वस्तूही धरल्या. मोबाईलवर दिसणारी घरं बघून रोषणाईच्या माळा आणि प्लॅस्टिकची वेल आणली होती. दोन्ही एका पावसाळ्यात गेल्या. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एक काम मात्र फुकटात करावं : घरात सामान टाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा, फरशीचा, नळाचा फोटो काढून मालकांना पाठवावा. जुने खिळे किती, भेगा किती, हे करारनाम्यात लिहून घ्यावं. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तोंडी ‘आपण घरचेच’ ऐकायला गोड असतं, पण अनामत परत मिळायच्या वेळी उपयोगी पडत नाही.

गेल्या ईदला लेकीच्या सहा मैत्रिणी आल्या. शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन चौकीवर, खुर्चीवर, उरलेल्या वाकळेवर बसल्या. त्यातल्या एकीने हिमरूची उशी उचलून विचारलं, “ही कुठून घेतलीस गं?” आमची लेक म्हणाली, “विकत नाही मिळत. दादीची आहे.” अम्मी आतल्या खोलीत होती. तिला ऐकू आलं की नाही माहीत नाही. थोड्या वेळाने ती नको म्हणत असताना त्या सहाही जणींच्या वाट्यांत शीरखुर्म्याचा आणखी एकेक डाव घालून गेली.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. काकांनी मुदत वाढवायची तयारी दाखवली आहे, भाडंही थोडंच वाढवलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून पडदा नाही. क्रोशाचा करायचा ठरलंय. सूत अम्मीने निवडलंय, पांढरं.