रोजचं विज्ञान : बांगडा की कॅप्सूल?

डोंबिवलीच्या बाजारात बांगडा कापून घेतला की कोयत्यावर तेलकट चमक उरते. तेच ओमेगा-३ असलेलं तेल. थंडीत खोबरेल गोठतं, हे मात्र पातळच राहतं. आपल्या पेशींच्या आवरणात शिरून ते तिथेही लवचीकपणा आणतं.

मग या तेलाची नुसती कॅप्सूल का नको? अमेरिकेत सुमारे २६ हजार जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत (निकाल २०१८) रोजच्या एक ग्रॅमच्या गोळीने हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. बांगड्यासोबत प्रथिनं, सेलेनियम येतं. शिवाय ताटातल्या मटणाची जागा तो घेतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली खा. तळून नव्हे, कालवण करून. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नका.