धुळीचाही देव!

दोस्ता, एक गंमत सांगू? काही देव असे आहेत, ज्यांचं जगात एकही देऊळ नाही. त्यांना ना आरती, ना प्रसाद! कारण ते राहतात फक्त गोष्टीत. एका लेखकाने ते चक्क आपल्या मनाने घडवले!

हा लेखक आयर्लंडचा. नाव लॉर्ड डनसेनी. १९०५ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्यात होत्या पेगाना नावाच्या जागेतल्या देवांच्या कथा. आणि ते छापायला पैसे कोणी दिले? त्याने स्वतःच!

पेगानातला सगळ्यात मोठा देव म्हणजे माना-यूद-सुशाई. त्याने आधी बाकीचे देव घडवले. मग काय केलं असेल? ओळख पाहू!

सूर्य केला? डोंगर केले? छे! तो झोपला!

त्याच्या पायाशी, धुक्यावर, स्कार्ल नावाचा एक ढोलवाला बसलाय. धुम्, धुम्, धुम्. उन्हाळा असो की हिवाळा, स्कार्लचा ढोल चालूच!

ढोल वाजत असताना झोप कशी लागते म्हणतोस? अरे, आई बाळाला थोपटते ना, तसंच हे! थोपटणारा हात थांबला की बाळ टक्क डोळे उघडतं. स्कार्लचा ढोल थांबला की माना-यूद-सुशाई जागा होणार. आणि मग ना देव उरणार, ना जग!

बाप रे! म्हणजे सगळं विश्व एका ढोलावर चाललंय!

कोणी म्हणतात, हे सूर्य आणि ही जगं म्हणजे त्या ढोलाचे पडसाद. कोणी म्हणतात, नाही, ती तर झोपलेल्या देवाची स्वप्नं. यातलं खरं कुठलं? डनसेनी सांगतच नाही! मला हे फार आवडतं. आपल्याकडेही एकच कथा दोन गावांत दोन तऱ्हांनी सांगतात. म्हणून तर ती जुनी, खरीखुरी वाटते.

पण माझे लाडके देव वेगळेच आहेत. ते एवढाल्ले नाहीत, ते घरात राहतात! मांजराला कुरवाळणारा पित्सू. कुत्र्याला शांत करणारा होबिथ. लालबुंद निखाऱ्यांचा हाबानिया. लाकडाची राख करणारा म्हातारा ग्रिबाऊन. चुलीचा धूर आकाशात पोचवायलाही एक देव! आणि छोटासा झुंबिबू कशाचा देव, माहितेय? धुळीचा!

यांच्यातच आहे जाबिम, मोडक्या वस्तूंचा देव. तो घराच्या मागे बसतो आणि टाकून दिलेल्या वस्तूंसाठी हळहळतो. कधी नदीकाठी जाऊन वाहत आलेल्या, विसरलेल्या वस्तूंसाठी रडतो. पण त्या जोडत मात्र नाही. ते त्याचं कामच नाही! कोणीतरी येईल आणि नीट करेल, याची तो वाट बघत बसतो.

बिचारा जाबिम! देव असून एवढंही करत नाही? पण थांब, गंमत इथेच तर आहे! सगळं काही करणाऱ्या देवाची गोष्ट एका ओळीत संपली असती. जाबिम अडतो, म्हणून तर आपण त्याच्याशेजारी जाऊन बसतो.

इंग्लंडमधल्या टॉल्किन नावाच्या प्राध्यापकालाही हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तर देवांचा सगळा इतिहासच रचला. आयुष्यभर लिहीत राहिले! १९७३ मध्ये ते वारले आणि 'सिल्मरिलियन' हे त्या इतिहासाचं पुस्तक १९७७ मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केलं.

त्यात आउले नावाचा एक कारागीर आहे, देवांसारखाच बलवान. पृथ्वीवर लोक कधी येणार, याची त्याला वाट बघवेना. मग त्याने गुपचूप सात बुटके घडवले! पण एक पंचाईत झाली. आउलेने मनात आणलं तरच ते हलायचे. नाहीतर नुसते उभे! जीव घालणं त्याच्या हातात नव्हतं. ते फक्त सगळ्यात मोठ्या देवाच्या, इलूवातारच्या हातात.

चोरी पकडली गेली. आउलेने रडत रडत हातोडा उगारला, आपणच केलेले बुटके फोडायला. आणि काय आश्चर्य! बुटके घाबरून अंग चोरायला लागले! आउलेने तर हलवलं नव्हतं. मग? इलूवातारने त्यांच्यात केव्हाच जीव घातला होता!

आता तुझी पाळी. तुझ्या दप्तराच्या तळाशी कुठला देव राहतो? पेन्सिलींच्या टोकांचा? अर्ध्या खोडरबरांचा? त्याचं नाव ठेव, त्याला एक काम दे. आणि असं एक काम शोध, जे त्याला काही केल्या जमत नाही!