स्टीफन किंग : पूर्वरंग आणि उत्तररंग

एकाच कादंबरीकाराचीं पुस्तकें ज्या घरांत वर्षानुवर्षें येत राहतात, त्या घरांत त्याच्याविषयींचा एक वादहि कायमचा मुक्कामाला येतो. थोरला भाऊ म्हणतो, पूर्वींचा लेखक आतां राहिला नाहीं. धाकटी बहीण म्हणते, पूर्वींचा वाचक राहिला नाहीं. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांच्या वाचकांत हा वाद गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. १९७४ सालीं 'कॅरी' ही त्यांची पहिली कादंबरी निघाली, आणि २०२५ सालीं 'नेव्हर फ्लिंच'. या एकावन्न वर्षांत त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या साठाच्या पुढें गेली. इतक्या मोठ्या संसारांत सारींच भांडीं एका घडणीचीं निघावींत, ही अपेक्षाच मुळीं गैर आहे. पण वाचकांची तक्रार एवढ्यानें मिटत नाहीं, आणि ती मिटूं नये असेंच तिचें स्वरूप आहे.

पहिला प्रश्न असा कीं, 'उत्तरकाळ' धरावयाचा कोठून? पुष्कळ वाचक १९ जून १९९९ या दिवसावर बोट ठेवतात. त्या दिवशीं मेन संस्थानांत रस्त्याच्या कडेनें फिरावयास निघालेल्या किंग यांना एका मोटारव्हॅननें उडविलें. पाय व बरगड्या मोडल्या, आणि त्यांचा जीव थोडक्यांत वांचला. दुखण्यांतून उठत असतां 'ड्रीमकॅचर' ही दांडगी कादंबरी त्यांनीं फाउंटनपेननें हातीं लिहून काढली. ती २००१ सालीं आली, आणि अनेकांना ती विस्कळित वाटली. मग अपघातापूर्वींचे किंग निराळे आणि नंतरचे निराळे, असा सोपा सिद्धांत रूढ झाला. तो सोपा आहे, एवढाच त्याचा गुण. कारण खरी उलथापालथ त्याच्या बरीच आधीं झालेली होती. १९८०च्या दशकांत किंग दारूच्या व मादक द्रव्यांच्या इतके आहारीं गेले होते कीं, १९८१ सालची 'कूजो' लिहिल्याचें आपणांस फारसें स्मरत नाहीं, असें त्यांनीं 'ऑन रायटिंग' या ग्रंथांत नमूद केलें आहे. त्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं व्यसन सोडलें. रेघ ओढावयाचीच झाली, तर ती तेथें ओढणें अधिक न्याय्य.

ही रेघ स्पष्ट दिसावी, म्हणून दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवावींत : १९७७ सालची 'द शायनिंग' आणि छत्तीस वर्षांनीं, २०१३ सालीं आलेला तिचा उत्तरार्ध 'डॉक्टर स्लीप'. पहिलींत जॅक टॉरन्स हा नोकरी गमावलेला शिक्षक बायको व पांच वर्षांचा मुलगा डॅनी यांना घेऊन कोलोरॅडोच्या डोंगरांतील एका ओस हॉटेलाची हिंवाळ्यापुरती राखण पत्करतो. दारूच्या व संतापाच्या भरांत त्यानें पूर्वीं मुलाचा हात मोडलेला आहे. हॉटेलांतील भुतें भयंकर खरीं, पण वाचकाचा श्वास अडकतो तो बापाचा पाय घसरतांना पाहून. हा दारुडा बाप म्हणजे आपणच, हें लिहितेवेळीं आपल्याला उमगलें नव्हतें, असें किंग पुढें सांगतात. दुसऱ्या कादंबरींत तोच डॅनी प्रौढ झाला आहे आणि बापाच्याच वाटेनें पुरता रसातळाला गेला आहे. न्यू हॅम्पशायरच्या एका गांवांत व्यसनमुक्तांच्या मंडळींत बसून तो सावरतो, आणि मरणासन्न रुग्णांच्या सेवागृहांत नोकरी धरून अखेरच्या घटकेला माणसांजवळ बसतो. तीं प्रकरणें वाचून झाल्यावर पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावें, अशीं आहेत. उलट मुलांच्या प्राणशक्तीवर जगणारी जी भटकी टोळी खलनायक म्हणून आणली आहे, ती मात्र फारच लवकर हार खाते. म्हणजे तक्रार करणारा वाचक चुकीचा नाहीं : भय खरोखरच उणावलें आहे. पण 'द शायनिंग' बुडणाऱ्यानें लिहिली आहे, आणि 'डॉक्टर स्लीप' कांठाला लागलेल्यानें. बुडणाऱ्याच्या हांकेंत जो थरार असतो, तो कांठावरच्या माणसाकडे मागतां येत नाहीं.

मात्र वयाबरोबर किंग सौम्य झाले, असा निष्कर्ष जो काढील, त्यानें २०१४ सालची 'रिव्हायव्हल' अवश्य वाचावी. तिची तुलना 'पेट सेमेटरी'शींच केली पाहिजे. किंग यांच्या घरासमोरच्या रहदारीच्या रस्त्यावर मुलीचें मांजर मेलें, आणि धाकटा मुलगा त्याच रस्त्याकडे धांवत सुटला. त्या धास्तींतून 'पेट सेमेटरी' जन्मली. ती इतकी काळीकुट्ट झाली कीं, त्यांनीं ती बाजूस टाकली होती. जुन्या प्रकाशकाशीं असलेला करार पुरा करण्याकरितां ती १९८३ सालीं बाहेर पडली. तिच्यांत मुलगा गमावलेला डॉक्टर त्याला परत आणूं पाहतो. 'रिव्हायव्हल'मध्यें बायको व मुलगा अपघातांत गमावलेला धर्मोपदेशक मरणापलीकडे काय आहे, तें विजेच्या प्रयोगांनीं पाहूं पाहतो. पूर्वींच्या पुस्तकांत शोक हाच गुन्हेगार आहे, आणि वाचकाला निदान त्या बापाची कींव करतां येते. नंतरच्यांत मधलीं शंभर-दोनशें पानें संथ जातात, कांहीं वाचक तेथेंच कंटाळतात. आणि शेवटीं पडदा सरकतो तेव्हां कींव करण्याइतकीहि जागा उरत नाहीं. किंग यांनीं इतका निर्दय शेवट क्वचितच लिहिला असेल, आणि तो साठी उलटल्यावर लिहिला आहे.

शेवटाचा प्रश्न निघालाच आहे, तर तीहि तक्रार जुनीच. 'इट'चा शेवट अनेकांना रुचला नाहीं. २००९ सालच्या 'अंडर द डोम'मध्यें हजारावर पानें एका गांवाला अदृश्य घुमटाखालीं कोंडून अखेर दिलेला खुलासाहि पुष्कळांना पोरकट वाटला. एका बाबतींत मात्र उत्तरकाळाची बाजू निःसंशय वरचढ आहे. केनेडी यांचा खून टाळण्यासाठीं भूतकाळांत जाणाऱ्या शिक्षकाची '११/२२/६३' ही कादंबरी २०११ सालीं निघाली. तिच्या शेवटचा नाच ज्यानें वाचला असेल, तो किंग यांना शेवट साधत नाहीं असें सरसकट म्हणणार नाहीं. आतां, तो शेवट अधिक चांगला कसा करावा हें किंग यांना त्यांचा मुलगा जो हिल यानें सुचविलें, आणि तोहि भयकथाकारच आहे, ही गोष्ट वादांत कोणाच्या बाजूनें धरावयाची, हें ज्या त्या घरानें ठरवावें.